चढावरची अनोळखी गाडी

१

सागाचा लठ्ठा काही खिशात घालून नेता येत नाही. एक उचलायचा म्हटलं तरी आठ गडी लागतात, दोरखंड लागतात, आणि त्या गड्यांवर ओरडायला एक मुकादम लागतो. असं असूनही येरमटोल्याच्या लाकूड डेपोतून, लिलावासाठी राखून ठेवलेली पहिल्या प्रतीच्या सागाची अख्खी थप्पी नाहीशी झाली होती आणि कुणाला चाहूलही लागली नव्हती. जागेवर पावसाचं पाणी भरलेले चर तेवढे उरले होते.

रेंजर रंजीता नागपुरे त्या चरांकडे बघत उभी होती. २००५ सालचा भादवा संपत आला होता. चंद्रपूरची बैठक अर्धवट टाकून ती थेट इथे पोचली होती, आणि कमरेपर्यंत चिखलानं माखली होती. शेजारी डेपोचा वनपाल सुरेंद्र मात्र इस्त्रीच्या गणवेशात. एवढ्या चिखलात या माणसाचे बूट चमकतात कसे, याचं तिला आधी नवल वाटलं आणि मग राग आला.

"म्याडम, चोर पकडून ठेवला आहे. आता फक्त माल शोधायचा," सुरेंद्र म्हणाला.

"चोरी कळली कधी?"

"काल सकाळी. नाक्याचा चौकीदार सोमाजी सांगत आला, की संध्याकाळी एक अनोळखी ट्रक निसटला. मी म्हटलं, बघावं तरी. येऊन पाहतो तर थप्पी साफ!"

येरमटोल्याला यायला-जायला रस्ता एकच. भामरागडच्या बाजूचा रपटा, म्हणजे ओढ्यावरचा ठेंगणा पूल, महिनाभर पाण्याखाली होता. म्हणजे जे काही बाहेर गेलं असेल, ते सोमाजीच्या नाक्यावरूनच गेलं असणार.

"आणि पकडलंय कुणाला?"

"इसरूला. सोमाजीचाच जावई. स्वतःचा जुना ट्रक आहे. आतल्या गावांना मीठ-तेल पोचवून संध्याकाळी रिकामा परततो. तो येतो म्हणून सासरा नाक्याचा दांडा वर करून ठेवतो. परवा त्या उघड्या नाक्यातून इसरूऐवजी भलताच ट्रक गेला. दांडा वर असतो हे इसरूशिवाय कुणाला माहीत? त्यानंच चोरांना सांगितलं. स्वतः मात्र नाक्यावरून गेलाच नाही, आणि सकाळी घरी हजर. म्हणजे चोरवाटेनं गेला. चोरवाटेनं कोण जातो, म्याडम?"

बोलणं बिनतोड होतं. तिला तेच खटकलं.

एवढ्यात छत्री सावरत लाकडाचे व्यापारी भैयाजी आले. मागच्या लिलावात त्यांनी वाकड्यातिकड्या, पोकळ सागाचा एक स्वस्त ढीग घेतला होता. तो तिथेच पलीकडे पडून होता.

"बाई, माह्या मालाचा वाहतूक परवाना तेवढा काढून द्या न. सडून राह्यला पान्यानं. इथी चोऱ्या होऊन राह्यल्या, मले तं जीवाची भीती वाटते."

"मालाची म्हणा," ती म्हणाली. "बघते उद्या."

सुरेंद्रानं चहा मागवला. चुलीत पिवळीधमक, नुकती फोडलेली ढलपी जळत होती आणि सागाचा वास सुटला होता. चहा झकास होता. इसरूचा ट्रक जप्त झाला होता. गुन्हा शाबीत झाला तर तो सरकारजमा होणार, आणि इसरू तुरुंगात जाणार. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कोर्टापुढे न्यायचं होतं.

२

नाका म्हणजे रस्त्यावर आडवा बांबू. त्याची दोरी खिडकीतून सोमाजीच्या झोपडीत, थेट खाटेपर्यंत आणलेली. गुडघा कामातून गेल्यापासून म्हातारा उठत नसे. गाडी चढ चढू लागली की आवाजावरून ओळखायचा आणि दोरी ओढायचा. ओळखीची असेल तर दांडा वर. नसेल तर गाडीवाला हॉर्न वाजवून वाजवून बेजार होईपर्यंत दांडा खाली. सरकारी नियमात हे कुठेच बसत नव्हतं, पण आजवर कधी चुकलंही नव्हतं.

"माही पाळी दुपारपासून, बाई. सकाळी दुसरा असते," सोमाजी म्हणाला. "परवा एसटी गेली. मी दांडा वरच ठेवला, काऊन की एसटीमागून इसरू येतेच. पाऊस होता लगित. मंग गाडी आली. पन इसरूची नाई."

"न पाहता कसं कळलं?"

"बाई, मी धीवर हाव. अंधारात पान्यावरच्या आवाजानं सांगतो, मासा मोठा का बारका. जावयाची गाडी नाई वळखनार? त्याची गाडी कशी बोलते, ठकठक ठकठक, टाळक्यात खिळे ठोकल्यावानी. हे गाडी मऊ बोलत होती. अन् दुसरी गोष्ट आयका. इसरू हा चढ तिसऱ्यातच चढते. कधी गिअर बदलत नाई. ह्यानं अर्ध्या चढात कचकन दुसरा टाकला. चढ मालूम नसलेला मानूस."

"अजून काय ऐकलंत? आठवेल ते सगळं सांगा."

त्यानं डोळे मिटले. "गिअर टाकल्यावर दम घेतला, जशी बंद पडते का काय. मंग वर आली. मांगचं फाळकं खडखड वाजत होतं, साखळ्या आपटत होत्या. मी काठी घेऊन उठलो तं लाल दिवा तेवढा दिसला. मंग इसरूची वाट पाह्यली. तो आलाच नाई."

"तुम्ही हे सगळं स्वतःहून सांगितलंत. दांडा वर ठेवला होता, हेही. नोकरी जाईल, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाय. पन चोर गेला असन तं सांगा लागते न."

दाराशी एक बाई केव्हाची उभी होती. हातात डबा. ती सोमाजीची मुलगी, इसरूची बायको गोकुळा. बापाकडे न बघता ती रंजीताला म्हणाली, "बाई, यायले इचारा, 'इसरूच गेला' असा एक शब्द बोलले असते तं जीभ झडली असती का? माहा मानूस कोठडीत हाय. अन् ह्यो बाप ठकठक अन् मऊ सांगून राह्यला!"

सोमाजीनं मान खाली घातली. "नाई आयकलं तं कसं आयकलं म्हनू, पोरी?"

गोकुळानं डबा रंजीताच्या हातात दिला आणि निघून गेली. बापासाठी त्यात काही नव्हतं.

३

कोठडीत इसरू भिंतीला टेकून बसला होता. डबा उघडला, वांग्याची भाजी पाहिली, आणि तसाच झाकून ठेवला.

"मी नाक्यावरूनच गेलो, बाई. एसटीमागून. दांडा वर होता, नेहमीसारखा. पाऊस होता म्हून काच वर घेतली होती, हाक नाई मारली. हेच चुकलं माहं."

"सोमाजी म्हणतात, तुझी गाडी नव्हतीच."

"मामाजी खोटं नाई बोलत," इसरू म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "तेच तं समजून नाई राह्यलं. मी बी खोटं नाई बोलत."

असला आरोपी तिनं पाहिला नव्हता. आपल्याला अडकवणाऱ्या साक्षीदाराचीच हा बाजू घेत होता. ती जराशी चिडलीच. "मग दोघांपैकी एकाच्या डोक्यात बिघाड आहे. परवाचा दिवस सांग. पहिल्यापासून."

"परवाच परत आलो इकडे. आठवडाभर सावली गावच्या राइस मिलचा तांदूळ चंद्रपूरले नेत होतो. परवा सकाळी मिठाची पोती भरली, आत गेलो, खाली केली, परतलो. रस्त्यात सारा वेळ गाडीले शिव्या देत होतो, दुसरं काय."

"गाडीला का?"

"रुसली हाय. चंद्रपूरले डिझेल भरतो तवापासून पंपापाशी झिरपते. पिकअप नाई. जुन्या गाडीचे असेच हाल." त्यानं हात झटकला. "पन ते जाऊ द्या, बाई. माही गाडी खरंच सरकारजमा होईन का? हप्ते आत्ता कुठी फिटले."

तिनं डबा पुन्हा त्याच्यापुढे सरकवला. उद्या दुपारी कोर्ट होतं, आणि सोमाजीच्या जबानीपुढे याचं 'मी गेलो' कुणी ऐकलं नसतं.

४

सकाळी ती पुन्हा डेपोकडे निघाली. जीप चालवणारा अमर तोंडाचा फटकळ, पण गाडीवर हात बसलेला. सोमाजीचा चढ आला तशी जीप कण्हायला लागली. अमरनं वैतागून गिअर बदलला, दुसरा टाकला. जीप क्षणभर अडखळली आणि मग चढू लागली.

"या चढाला दुसरा?" रंजीतानं विचारलं.

"मग काय करू, म्याडम? चंद्रपूरची टाकी भरल्यापासून हिचं हे असंच. खाली बघा, डिझेल थेंबथेंब गळतंय. गॅरेजवाला म्हणाला, यंदा तिकडच्या पंपांवर नवीन डिझेल आलंय, गंधक काढलेलं. धूर कमी, वास कमी. पण जुन्या गाड्यांच्या पंपातली रबरं जुन्या डिझेलनं फुगून बसलेली. नव्यानं ती आकसतात म्हणे. मग डिझेल बाहेर, हवा आत. ताकद कुठून येणार?"

"आणि आवाज?"

"आवाज मात्र मऊ झाला. तो ठोका नाही राहिला. नवं डिझेल म्हणे सुरळीत पेटतं. गाडी आपली गोड बोलते आणि काम करत नाही, आपल्या काही सायबांसारखी."

एरवी ती हसली असती. मऊ आवाज. अर्ध्या चढात दुसरा गिअर. दम घेतल्यासारखं अडखळणं. सोमाजीनं डोळे मिटून सांगितलेला शब्द न् शब्द ती आत्ता बसल्या जागी ऐकत होती.

"अमर, थांब. गाडी वळव."

"आता काय विसरलं?"

"डोकं," ती म्हणाली. "काल दिवसभर ते वापरायचंच विसरले. जप्त केलेल्या ट्रकच्या टाकीत अजून तेच डिझेल आहे ना?"

५

तासाभरानं नाक्यावर ही गर्दी जमली. सुरेंद्र आला, भैयाजी आले, गोकुळा लांब सागाच्या बुंध्याला टेकून उभी राहिली. सोमाजीला रस्त्याकडे पाठ करून खाटेवर बसवलं. खाली काय चाललंय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"हा काय तमाशा, म्याडम?" सुरेंद्र म्हणाला. "कोर्टाची वेळ होतेय."

"होऊ द्या. सोमाजीभाऊ, गाड्या येतील. तुम्ही फक्त सांगा."

पहिली गाडी चढाला लागली. म्हातारा क्षणभरही थांबला नाही. "भैयाजीचा ट्रक. एक इंजेक्टर खराब हाय, नीट करा म्हना."

भैयाजी कसनुसं हसले. गाडी खरोखरच त्यांची होती.

मग दुसरी गाडी. मऊ घरघर. अर्ध्या चढात कचकन गिअर पडला, इंजिन गुदमरल्यासारखं झालं, सावरलं, आणि फाळके-साखळ्या आपटत गाडी वर येऊ लागली. सोमाजीचा हात दोरीवर घट्ट झाला. तो ओरडलाच.

"हेच! बाई, हेच ते! त्या दिवशीची! सोडू नका तिले, आडवे व्हा!"

ती थांबली. सोमाजी काठी टेकत वळला. समोर इसरूचा ट्रक उभा होता, आणि स्टिअरिंगवर इसरू बसला होता, शेजारी दोन शिपाई.

सोमाजी ट्रककडे बघत राहिला, मग जावयाकडे, आणि मग काठी आडवी ठेवून खाटेवर बसला. "अरे बाप्पा," एवढंच म्हणाला.

६

सुरेंद्र मात्र लगेच सावरला. "म्हणजे सिद्धच झालं की! तो ट्रक इसरूचाच. माल त्यानंच नेला."

"असं?" रंजीता शांतपणे म्हणाली. "मग सांगा, सागानं लादलेल्या ट्रकचा फाळका वाजतो का?"

तिनं ट्रकच्या मागच्या फाळक्याला धक्का दिला, तशा साखळ्या आपटल्या.

"भरलेल्या गाडीचा फाळका ताठ दाबलेला असतो, साखळ्या ताणलेल्या असतात. सोमाजींनी त्या दिवशी फाळका खडखडताना ऐकला, साखळ्या आपटताना ऐकल्या. ती गाडी रिकामी होती. म्हणजे इसरू खरं बोलतोय. तो नाक्यावरूनच गेला, आणि रिकामा गेला. चोरवाट नाही, अनोळखी ट्रक नाही. एसटी सोडली तर त्या संध्याकाळी दुसरं काही बाहेर गेलंच नाही. आणि एसटीत लठ्ठे बसत नाहीत."

"मग... मग माल गेला कुठे?"

"कुठेच नाही. डेपोतच आहे. सुरेंद्र, एक गोष्ट कालच माझ्या लक्षात यायला हवी होती. चोरी सापडल्यावर लोक चोर शोधतात. तुम्हाला आधी चोर सापडला आणि मग चोरी. सोमाजी सकाळी अनोळखी ट्रकची बातमी घेऊन आले, आणि मग तुम्ही थप्पी पाहायला गेलात. इतके दिवस तुम्ही अशा बातमीचीच वाट बघत होतात."

"म्याडम, तुम्ही माझ्यावर—"

"चला, डेपोत जाऊ. भैयाजी, तुम्हीही. तुमच्या मालाचा परवाना हवा होता ना?"

भैयाजींना अचानक सावलीला कुणी आजारी असल्याचं आठवलं. अमरनं त्यांचा हात प्रेमानं धरला आणि जीपमध्ये बसवलं.

भैयाजींच्या स्वस्त ढिगापाशी रंजीता वाकली. लठ्ठ्यांच्या तोंडांवर चिखल थापलेला होता. तिनं कोयत्यानं तो खरवडला. सडकं, पोकळ लाकूड निघायला हवं होतं. निघालं ते भरीव, पिवळंजर्द, ताज्या कापाचं. सरकारी मालकीचा, हातोड्यानं मारलेला ठसा असलेली टोकाची चकती कापून टाकली होती, आणि वर भैयाजींचा नंबर रंगवला होता. एक नाही, ढिगातले सगळे वरचे लठ्ठे तसेच निघाले.

"पावसाळ्यात तोड बंद असते," ती म्हणाली. "तरी काल तुमच्या चुलीत नुकता फोडलेला साग जळत होता. भैयाजींचे पोकळ लठ्ठे फोडून सरपणात टाकलेत आणि त्यांच्या जागी लिलावातला माल रचलात. लठ्ठ्यांची संख्या तीच, म्हणून कुणी मोजलं असतं तरी काही कळलं नसतं. आम्ही सगळे अनोळखी ट्रकमागे जिल्हाभर पळणार, आणि हा माल माझ्याच सहीनं, माझ्याच परवान्यावर, दिवसाढवळ्या नाक्यावरून जाणार. सोमाजी स्वतः दांडा वर करणार!"

भैयाजी आधी फुटले. "मी नाई म्हनत होतो, बाई. सायेबच म्हनाले, पावसात कोन पाह्यते म्हून."

"गड्यांना 'लठ्ठे पलटवायचे' सांगून तूच आणलंस!" सुरेंद्र खेकसला, आणि लगेच आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. त्याच्या बुटांवर पहिल्यांदा चिखल लागलेला रंजीतानं पाहिला. तिला त्याचं बरं वाटलं, हे ती कुणापाशी कबूल करणार नव्हती.

७

दुपारी कोर्टात इसरूऐवजी दुसरे दोघे गेले. ट्रक सुटला. संध्याकाळी रंजीता नाक्यावर आली तेव्हा सोमाजी खाटेवर बसून होता. दांडा खाली होता. तो प्रत्येक गाडीला काठी टेकत उठत होता, दिवा धरून बघत होता, आणि पुन्हा बसत होता.

"आता कानावर भरोसा नाई राह्यला, बाई," तो म्हणाला. "पोरीचं आयकलं असतं, 'इसरूच गेला' म्हटलं असतं, तं पोट्टा कोठडीत नसता गेला."

"तर आज तो तुरुंगात असता," रंजीता त्याच्याशेजारी खाटेवर टेकली. "नीट ऐका. तुम्ही खोटं बोलला असता, तर आवाजाचं काहीच सांगितलं नसतं. मऊ नाही, गिअर नाही, फाळका नाही. सुरेंद्र म्हणाला असता, गेली ती गाडी इसरूची, मालही तिच्यातच गेला, आणि सासरा त्याला सांभाळून घेतोय. मग कोणाच्या बोलण्यावर मी त्याला सोडवला असता? नाव तुमचं चुकलं, भाऊ. ऐकलेलं काही चुकलं नाही."

सोमाजीनं दिव्याची वात जरा वर केली. तिनं रस्त्याकडे तोंड फिरवलं.

ट्रक आला. दांड्यापाशी थांबला. इसरू उतरला, त्याच्यामागून गोकुळा. गोकुळा बापापुढे येऊन उभी राहिली. तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. शेवटी इसरूच म्हणाला, "मामाजी, चला घरी. झिंगे आनले हायेत, तुमची पोरगी सकाळपासून जेवली नाई."

"तू रागावला नाईस का मह्यावर?"

"रागावलो होतो न. लगित रागावलो होतो," इसरू म्हणाला. "मंग कोठडीत वाटलं, मामाजी माह्यासाठी खोटं बोलले असते, तं उद्या खरं बोलतीन तवा कोन मानन? चला आता."

"पाळी हाय माही."

"पाळी मी करते," रंजीता म्हणाली.

तिघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"काय बघता? दोरी ओढायची एवढंच ना? आणि हे बघा, दांडा वर ठेवलात ते चुकलंच. त्याचा मेमो उद्या तुमच्या हातात देणार आहे, सुटका नाही. आज जेवून या."

सोमाजीला ट्रकच्या उंच पायरीवर गुडघा वाकवता येईना. इसरूनं खालून हात लावला, गोकुळानं वरून ओढलं, आणि म्हातारा दोघांच्या मधे केबिनमध्ये बसला. रंजीतानं दोरी ओढून दांडा वर केला. गाडी गावाच्या दिशेनं गेली, आणि ती दिवा जवळ ओढून खाटेवर बसली.